ओढ्यापलीकडचं आडनाव

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीही शिरलं की आधी लिफ्टचं बटण दाबतं. गणतीसर आधी पाटी वाचायचे. जिन्याखाली सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या आडनावांची काळी पाटी आहे, तिच्यासमोर हातातली पिशवी खाली ठेवून ते उभे राहायचे आणि वरून खाली शांतपणे वाचून काढायचे. त्याच बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षं राहणारा माणूस रोज तीच पाटी काय वाचतो, हे नवीन वॉचमनला कधीच कळायचं नाही. मधल्या काळात तिसऱ्या मजल्यावरचे लोक घर विकून गेले, तेव्हा पाटीवरचं नाव आठवडाभरात बदललं नाही म्हणून सरांनी सेक्रेटरीला दोनदा फोन केला होता. "अहो, माणूस गेला आणि नाव राहिलं, हे बरं नाही," असं त्यांचं म्हणणं.

ते पालिकेच्या शाळेत शिक्षक होते. जनगणना आली की शिक्षकांना घरोघरी जाऊन माणसं मोजावी लागतात. बाकीचे शिक्षक या कामाच्या नावाने बोटं मोडायचे, सर मात्र चार दिवस आधी चपलांना टाके घालून आणायचे. त्या कामातूनच त्यांना आडनावांचा नाद लागला. लोकांच्या आलेल्या लग्नपत्रिका ते जपून ठेवायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूचे सारख्या आकाराचे तुकडे कापून त्यांची कार्डं करायचे. प्रत्येक आडनावाला एक कार्ड, त्यावर चार रकाने: आडनाव, घरं, मूळ, शेरा. एखादं आडनाव एखाद्या दारावर दिसलं की 'घरं' या रकान्यात एक उभी रेघ, आणि चार उभ्या झाल्या की पाचवी तिरकी मारून जुडी बांधायची. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या कितीतरी जिन्यांमधली माणसं त्यांच्या बुटाच्या खोक्यात अशी जुडीने बसली होती.

त्यांचं स्वतःचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ते मात्र कुठेही गेले की आधी तेच सांगायचे, खणखणीत आवाजात, समोरच्याने विचारायच्या आत. "लोकांचा वेळ वाचतो," म्हणायचे. आपल्याकडे 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नाच्या पोटात काय असतं, ते वाचणाऱ्यांना मी नव्याने सांगायला नको. बुलढाण्याकडच्या एका खेड्यातून ते आले होते. नोकरीला लागले तेव्हा शाळेतल्या कोणीतरी मोठ्या आपुलकीने सुचवलं होतं की गावाच्या नावाला 'कर' लावून टाका, पुढे सोपं जाईल. सरांनी त्या गृहस्थाचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आडनावाचा रबरी शिक्का करून आणला.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते गणतीसाठीच. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्यांनी माणसं लिहून घेतली, पाणी मागितलं, मी ते आणून दिलं आणि ते गेले. गणतीला गेलं की प्रत्येक घरात पाणी मागायचं, तहान असो वा नसो, हा त्यांचा शिरस्ता होता हे मला पुष्कळ नंतर कळलं. पुढे काही वर्षांनी ते आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. बाबांनी विचारलं, "नाहूरला इतक्या बिल्डिंगा, तुम्ही नेमकी हीच कशी शोधलीत?" सर म्हणाले, "कुलकर्णी, या बिल्डिंगमध्ये एकच फ्लॅट रिकामा होता. यादीत मीच लिहिला होता."

बाबा आणि ते संध्याकाळी जोडीने फिरायला जायचे आणि येताना आमच्याकडे चहा व्हायचा. "तुमच्या पणजोबांनी गावाचं दप्तर लिहिलं, आता मी तुमचं लिहितो," असं सर म्हणाले की बाबा खो खो हसायचे. एवढी थट्टा चालायची, पण तिच्या पलीकडे दोघंही कधी गेले नाहीत.

सर चिडलेले मी एकदाच पाहिले, तेही स्वतःवर. तरुणपणी मतदारयादीच्या कामाला ते आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर गेले होते. एका म्हातारीला आडनाव विचारलं, ती नुसती हसली. रकाना रिकामा ठेवला तर साहेब ओरडतील म्हणून सरांनी शेजारच्या घराचं आडनाव तिच्या नावापुढे लिहून टाकलं. पुढच्या यादीच्या वेळी ते परत गेले तर म्हातारी वारली होती आणि तिची नातवंडं तेच आडनाव लावत होती, कारण सरकारी कागदावर तसं होतं. "एका मिनिटात मी एका घराला दुसऱ्याचं नाव चिकटवलं, अनू," ते मला सांगत होते. "साहेबाला घाबरून." त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता.

मालाडच्या ऑफिसात माझी मारेकशी ओळख झाली. तो स्लोव्हाकियाहून दोन वर्षांच्या कामासाठी आला होता. लग्न करायचं ठरवून मी घरी सांगितलं. बाबांनी मुलगा कुठला, शिकला किती, हे विचारायच्या आधी विचारलं, "आडनाव काय?"

"शारहा."

बाबांची पंचाईत झाली. आयुष्यात पहिल्यांदाच एक आडनाव त्यांच्या कानावर पडलं होतं आणि त्यातून त्यांना काहीही कळत नव्हतं. दोन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. नकार द्यायला कारण सापडेना आणि होकार द्यायला आधार. शेवटी ते सरांकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण माझं लग्न त्या एका उत्तरावर अडलं होतं.

"सर, तुम्ही या विषयातले. जरा माहिती काढा. कसली माणसं आहेत?"

सरांनी खोक्यातून एक कोरं कार्ड काढलं. मग म्हणाले, "किती घरं आहेत ते काढतो. कसली ते घरात गेल्यावरच कळतं."

त्यानंतर महिनाभर मारेकची सुट्टी नव्हती. दर रविवारी सर त्याला समोर बसवायचे, आधी पाणी द्यायचे आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात करायचे. त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकासारखं सावकाश, मारेकचं धावतं, पण दोघांचं झकास जमलं. गावात शारहा किती? दोन घरं. शेजारच्या गावात? एक. शहरात? आईवडिलांचं एक. बस. त्यांच्याकडे बायकोच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागतं, मी शारहोवा होणार, हे ऐकून सर खूश झाले आणि नवीन कार्डावर तेही लिहिलं. पण मूळ काय, हे मारेकला ठाऊक नव्हतं. "विचित्र आहे ना, मी कधी विचारलंच नाही," तो म्हणाला. सर म्हणाले, "आजीला विचार."

आजीने हाताने पत्र लिहिलं. मारेकच्या आईने त्याचा फोटो पाठवला आणि मारेकने सरांच्या हॉलमध्ये, पांढऱ्या बुद्धमूर्तीखालच्या खुर्चीत बसून ते आम्हाला वाचून दाखवलं. शारहा म्हणजे गावातली मेलेली गुरं ओढून नेणारा, कातडी सोलणारा. घर ओढ्यापलीकडे, गावाबाहेर. चर्चमध्ये जागा सगळ्यात मागे. गुत्त्यात त्याचा मग वेगळा, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. या नावाची माणसं पूर्वी बरीच होती. पण शहरात गेलं की प्रत्येक जण नाव बदलायचा. आजोबांनाही सगळ्यांनी सांगितलं, ते बदलेनात. म्हणून एवढीच घरं उरली.

मारेक वाचून झाल्यावर म्हणाला, आता तिकडे कोणाच्या हे ध्यानीमनीही नसतं. सरांनी त्याला मगाबद्दलची ओळ पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग मला म्हणाले, "आपण दुर्मीळ, दुर्मीळ म्हणत होतो. हे दुर्मीळ नाही गं. टाकून दिलेलं आहे."

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. दुसऱ्या दिवशी मी एकटी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, कार्डावर 'पशुपालक' लिहा ना. तसं काही फार खोटं नाही. बाबांना एवढंच बघायचंय."

त्यांनी चष्मा काढला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "हे तू मला सांगतेस?" एवढंच म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "रकाना रिकामा ठेवता येतो, अनू. खोटा भरायचा नाही. रिकामा ठेवू का लिहू, ते तू सांग. घाई नाही."

मी खाली मान घालून निघून आले. स्वतःला मोठी सुधारलेली समजणारी मी, ज्या माणसाने आपलं नाव आयुष्यभर छातीवर वागवलं, त्याच्याकडेच दुसऱ्या कोणाचं तसलंच नाव झाकायला सांगायला गेले होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "लिहा सर. आहे तसं लिहा."

त्यांनी लिहिलं आणि संध्याकाळच्या चहाला कार्ड बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते वाचलं, उलटं केलं, मागची लग्नपत्रिका वाचली, पुन्हा सुलटं केलं.

"गावाबाहेर?"

"ओढ्यापलीकडे," सर म्हणाले. "आमचंही तिकडेच होतं. आमच्याकडे मात्र नाला म्हणायचे."

पंधरा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच आमच्या घरात बोललं गेलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. सरांनी चहा संपवला, कप स्वतः उचलून आत ठेवला आणि ते गेले.

आठवडाभर बाबा फिरायला गेले नाहीत. सर एकटेच फाटकातून बाहेर पडताना मी गॅलरीतून बघायची आणि मला वाटायचं, माझ्या लग्नापायी यांची मैत्री गेली. आठव्या दिवशी बाबांनी बूट घातले, दोन जिने उतरले आणि सरांची बेल वाजवली. मी वरून कान देऊन ऐकत होते.

"सर, चला. उशीर झालाय."

"फिरायला?"

"फिरायलाही. आणि असं आहे, रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात म्हणे. एक मी, एक तिचा मामा. तिसरे तुम्ही असावंत, असं मला वाटतं."

सही करताना सरांनी पूर्ण नाव लिहिलं, आडनाव जरा ठळकच. फोटोत बाबांचा हात त्यांच्या खांद्यावर आहे.

शारहा कार्डावर चार उभ्या रेघा होत्या. मी म्हटलं, "आता आमची पाचवी मारा ना." सर म्हणाले, "तुम्ही मालाडला भाड्याने राहता, पाटीवर मालकाचं नाव. दारावर स्वतःची पाटी लागली की सांग, लगेच मारतो." शेराचा रकानाही कोराच होता. तिथे का लिहिलं नाहीत, विचारलं तर म्हणाले, "त्यांच्या घरी मी गेलो कुठे?"

गेल्या वर्षी सर गेले, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. घरच्या कार्यक्रमात त्यांच्या मुलाने मला बाजूला बोलावून बुटाचं खोकं दिलं. "पप्पा म्हणायचे, हे अनूला." बाबा माझ्या शेजारी बसून लहान मुलासारखे रडत होते.

घरी येऊन मी कुलकर्ण्यांचं कार्ड काढलं. रेघांच्या जुड्याच जुड्या. मूळ: गावाचं दप्तर लिहिणारे. शेरा, फिकट शाईत: "पाणी मागितलं. लहान मुलीने आणलं. खिडकीतल्या पेल्यातून."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पोचा आलेला स्टीलचा पेला असायचा. कामवाल्या बाईंसाठी, नळवाल्यासाठी, असल्या कोणासाठी. त्या दिवशी मला कोणी सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या मला ते आपोआप माहीत होतं. सरांनाही ते माहीत होतं, आणि तरी ते याच बिल्डिंगमध्ये राहायला आले, आमच्याकडे पंधरा वर्षं चहा प्यायले आणि मला अनू म्हणत राहिले. त्या ओळीखाली वेगळ्या शाईत दोनच शब्द होते: "आता कपातून." आईला पेल्याचं विचारलं. ती म्हणाली, सर राहायला आले त्या वर्षीच तो मोडीत दिला. का, ते तिने सांगितलं नाही.

या उन्हाळ्यात मी मारेकच्या आजीला पहिल्यांदा भेटले. घर अजून ओढ्यापलीकडेच आहे, आता मध्ये छोटा पूल आहे. दारात पाऊल टाकल्याबरोबर मी पाणी मागितलं. मारेकने विचारलं, "तहान लागली तुला?" मी म्हटलं, "नाही रे, तू आजीला सांग." आजीने काचेच्या कपाटातून फुलं कोरलेला ग्लास काढला, ॲप्रनला पुसला आणि भरून दिला. मी सगळं पाणी प्यायले. मग पायरीवर बसून पर्समधून कार्ड काढलं आणि शेराच्या रकान्यात लिहिलं: "पाणी मागितलं. कपाटातल्या ग्लासातून दिलं."

नाहूरला आम्ही घर घेतलं त्याला आता तीन महिने झाले. बाबांनी स्वतः जाऊन पाटी करून आणली. कार्डावरच्या चार उभ्या रेघांवर, सर मारायचे तशी, मी एक तिरकी रेघ मारली.