ही टांकसाळीची चूक नाही

भिंगमावशींचा आवाज चढलेला गल्लीला सवयीचा होता. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत, तेव्हा नाण्यांचा दुकानदार घाबरला.

टांकसाळीत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: छापून आलेल्या नाण्यांतून चुकलेली वेचून काढायची. एखादं नजरेतून निसटलं की साहेब सगळ्यांदेखत हजेरी घ्यायचे. निवृत्त झाल्यावर बघतात तर तीच चुकलेली नाणी लोक काचेच्या पेटीत मिरवत होते. मग त्या आठवड्यातून दोन सकाळी या दुकानात बसू लागल्या. नाणं तपासायचं, खरं असेल तर सही करून चिठ्ठी द्यायची.

त्या दिवशी एक म्हातारी परिचारिका आली. तिच्या नाण्यावर राजाचं तोंड उलटं आणि आत गेलेलं होतं. मावशींनी भिंग लावलं.

"असं होतं खरं," त्या म्हणाल्या. "आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर त्याचा उलटा ठसा उठतो. पण ती चकती कोरी असते. इथं खाली जुनं चित्र चेपलेलं दिसतंय. छापून झालेल्या नाण्यावर दुसरं नाणं ठेवून कुणीतरी दाबलंय."

"अहो, पण चिठ्ठी तुमचीच आहे!" परिचारिकेनं नाण्यासोबतची चिठ्ठी पुढे केली.

सही हुबेहूब होती. मावशींनी मात्र ती केली नव्हती.

"कुणी दिलं हे?"

"तुमच्या दिरांनी. म्हणाले, घरचाच मामला आहे, डोळे झाकून घ्या."

मावशी तडक दिराच्या गॅरेजवर गेल्या. लोखंड आवळून धरायच्या व्हाइसच्या जबड्यात दोन नाणी अजून अडकलेली होती.

"अरेच्चा, वहिनी! बसा ना."

"बसायला नाही आले, भावजी. चिठ्ठ्या काढा."

"कुणाचं काय बिघडलं त्यात? हौसेला मोल नसतं."

"हौस तिची, कमाई तुमची आणि नाव माझं? एकतीस वर्षं डोळे फोडून घेतले ते यासाठी? आत्ता चला माझ्याबरोबर. तिच्या तोंडावर सांगायचं, मी फसवलं म्हणून."

दीर गेला, मान खाली घालून. पैसेही परत केले. घरी नवरा म्हणाला, "सख्ख्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस."

"माझी त्यांनी विकली, तेव्हा नाही बोललात!"

मग मावशींनी दुकानात पाटी लावली: माझ्या सहीची नाणी पुन्हा तपासायला आणा. महिनाभरात अकरा खोटी निघाली. दहा जणांनी हळहळत का होईना, ऐकून घेतलं. अकरावा, एक शिंपी, ऐकेचना.

"आधी खरं म्हणालात, आता खोटं म्हणताय. तुमचा भरवसा काय धरायचा?" असं म्हणून तो नाणं खिशात घालून निघून गेला. मावशी दारापर्यंत त्याच्या मागे गेल्या. पण सही आपली नाही, हे त्याला पटवणार कसं? चिठ्ठीवर नाव तर त्यांचंच होतं.