नखाला विचारून घेतलेलं कापड

“आधी नखाला विचारा, मग डोळ्याला,” हे खलीलभाईचं ठरलेलं वाक्य. सटाण्यातल्या त्याच्या सोफ्याच्या दुकानात कुणी बाई कापडाचे नमुने चाळायला बसली, की घरी मांजर आहे का, हे तो सगळ्यात आधी विचारायचा. आहे म्हटलं, की नमुने अलगद बाजूला सारायचा आणि हे वाक्य टाकायचा. नवं गिऱ्हाईक हसायचं. जुनं हसायचं नाही.

तीस वर्षांत त्याने जेवढे सोफे बांधले, त्याहून जास्त फाटलेले शिवले होते, आणि फाटलेल्यांनीच त्याला शहाणं केलं होतं. जाड ते टिकाऊ, हा लोकांचा भाबडा समज. जाडंभरडं, उठावाच्या धाग्याचं कापड मांजराच्या नखात अडकतं, आणि एक धागा सुटला की पाठोपाठ सगळी वीण निघते. रेक्झिनवर एकदा नख उमटलं की ते कायमचं. बारीक लवेच्या, घट्ट विणीच्या मखमलीवर मात्र नख नुसतं घसरतं. मांजर कंटाळतं आणि उठून जातं. पण तेवढंही पुरत नाही. झोपेतून उठलं की मांजर अंग ताणतं, तेव्हा नखं रोवायला त्याला काहीतरी लागतंच. म्हणून सोफ्याशेजारी सुतळी गुंडाळलेला एक लाकडी खुंटा तो प्रत्येक मांजरवाल्या घरी ठेवून यायचा.

नामपूरच्या साळूबाईने त्याला बोलावलं ते हे सगळं ऐकूनच. तिचा मुलगा अमोल कांद्याचा व्यापारी. त्याने नवं घर बांधलं आणि आईला सांगून टाकलं, की हॉलमध्ये सोफा येतोय. तो फाटला, की त्याच दिवशी तुझी दोन्ही मांजरं लांब सोडून येईन.

“खलीलभाऊ, सोफा कसा दिसतो त्याच्याशी मला घेणं नाय,” साळूबाई म्हणाली. “तुमचे दाजी गेल्यापासून ही दोघंच माझ्यापाशी बोलत्यात. ती राह्यली पायजेत.”

“मांजरं बोलतात, आक्का?”

“पोरापेक्षा गोड बोलत्यात.”

खलीलभाईने पिशवीतून एक फळी काढली. तिच्यावर चार कापडांचे तुकडे ठोकलेले होते. फळी आठ दिवस हॉलमध्ये पडून राहिली. नवव्या दिवशी तीन तुकड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. गडद हिरवी मखमल तेवढी जशीच्या तशी होती.

“घर बांधलं मी, अन् कापड ठरवणार मांजरं?” अमोल म्हणाला.

“फाडणार पण तीच ना, शेठ.”

“आणि हे फाटलं तर?”

“तर माझं नाव बदला.”

आठ महिने त्या मखमलीवर ओरखडा उठला नाही. खुंट्यावरची सुतळी मात्र दोनदा बदलावी लागली. अमोल दोन्ही मांजरांना पायाने ढकलायचा, पण घराबाहेर काढायचं नाव काढत नव्हता.

मग अमोलच्या बहिणीला, हर्षालीला, बघायला नाशिकचे पाहुणे यायचं ठरलं. मुलीच्या हाताचं काम पाहुण्यांना दिसावं, म्हणून तिने चार महिने खपून विणलेले क्रोशाचे रुमाल साळूबाईने आदल्या दिवशी सोफ्याच्या पाठीवर पसरले. हिरव्यावर पांढरी जाळी उठून दिसली. शेजारचा तो सुतळी लोंबणारा खुंटा मात्र तिला फार ओंगळ वाटला. तिने तो उचलून मागे न्हाणीच्या भिंतीला लावला. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

सकाळी खलीलभाईचा फोन वाजला. “या लगेच,” अमोल म्हणाला. “तुमचं नाव बदलायची वेळ आली.”

तो सुई-दोरा घेऊन पहिल्या गाडीने आला. सोफ्याची पाठ शिवणीवर वीतभर उसवली होती. गुडघ्यावर बसून तो शिवायला लागला, तेव्हा शिवणीत अडकलेला पांढरा धागा त्याच्या बोटांना लागला. शेजारी खुंटाही नव्हता, आणि त्याला सगळं कळलं. उठलेल्या मांजराला खुंटा सापडला नाही. त्याने जाळीत नखं घातली, ती अडकली, ते घाबरून उडालं, आणि तो हिसका शिवणीने घेतला. दारात हर्षाली नवी साडी नेसून फाटका रुमाल सांधत बसली होती.

“आक्का, खुंटा कुठंय?”

साळूबाईने आधी मुलाकडे पाहिलं. “मला काय म्हाईत? हलवला असंल कुणी.”

“शेठ, हा धागा माझ्या कापडाचा नाही,” म्हणत खलीलभाईने तळहात पुढे केला.

अमोलची नजर धाग्यावरून बहिणीकडे गेली. “म्हणजे हिचे रुमाल नडले? पाहुणे दारात यायच्या आधीच अपशकुन केलास का गं?”

हर्षालीची सुई थांबली. खुंटा मी हलवला, रुमाल मी टाकले, एवढंच साळूबाईने बोलायला हवं होतं. खलीलभाई थांबला. ती पुसलेलाच टीपॉय पुन्हा पुसत राहिली.

त्याने मूठ मिटली. “नाही शेठ. शिवण माझीच कच्ची राहिली.”

मुलगी सुटली. पण शिवण कच्ची असो की पक्की, सोफा फाटला होता, आणि आता मांजरांच्या बाजूने बोलायला कुणीच उरलं नाही. अमोलने दोघांना कांद्याच्या गोणीत घातलं, तोंड आवळलं आणि गोण पिकअपमध्ये टाकली. “पाहुण्यांच्या आत येतो,” म्हणाला. गोणीतून बोका ओरडायला लागला, तशी साळूबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिने मिक्सर लावला.

खलीलभाईने उरलेले टाके घातले. एकही टाका सैल पडू दिला नाही.

तो पायरीवर चपला घालत होता, तेव्हा साळूबाई चहा घेऊन आली. “आज घरात भांडण नको हुतं, भाऊ. पोरीचं लगीन आडवं आलं.”

“पोरीला मी वाचवलं, आक्का. तुम्ही कुणाला वाचवलं?”

तिने कप पुढे केला. तो त्याने घेतला नाही.

गल्लीत पाहुण्यांची गाडी वळली. खलीलभाईने भिंतीला अंग चोरून तिला वाट दिली आणि तो एस.टी. स्टँडकडे चालायला लागला. पाहुणे उतरले. साळूबाईने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, या या म्हटलं. पण तिचे डोळे त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे होते, कांद्याच्या चाळीपाशी खलीलभाई वळून दिसेनासा होईपर्यंत.