मधल्या चकत्या

वाकडच्या मॉलमध्ये आईस्क्रीमवाली मुलगी लोखंडी साच्यात कोन भाजत होती. पीठ करपायच्या बेताला आलं की येतो तो वास आला आणि रांगेत उभ्या उभ्या मी चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

आई दर शनिवारी चर्चसाठी मिस्सेची, म्हणजे रविवारच्या उपासनेत प्रसाद म्हणून देतात ती, भाकर भाजायची. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. क्रूस कोरलेल्या साच्यातून कागदासारखा पापुद्रा निघायचा. त्यातल्या गोल चकत्या कापून डब्यात जायच्या आणि उरलेलं कातरण मला मिळायचं. चकत्यांना हात लावायचा नाही, त्या वेदीवर जायच्या.

एका शनिवारी पीठ कालवून झालं होतं आणि फादर दारात आले. "बाई, तयार चकत्यांची पाकिटं आलीत. उद्यापासून तीच वापरू. तुम्हालाही आराम."

"बरं फादर," आई म्हणाली.

मग तिने कालवलेलं सगळं पीठ भाजलं, चकत्या कापल्या आणि डबाच माझ्यापुढे ठेवला. "खा. आता या नेणार कोण?"

मी पोट भरेपर्यंत खाल्ल्या. मला तो सणच वाटला. तिने साचा पुसला, तेलाचा हात फिरवला आणि दर शनिवारसारखा फडक्यात बांधून ठेवला.

आई जाऊन सहा वर्षं झाली. साचा माझ्या माळ्यावर आहे. पिठात पाणी किती घालायचं, हे मी तिला कधी विचारलं नाही. याचं रडू यायला हवं, पण येत नाही.

"मॅडम, कोणता फ्लेवर?" मुलीने विचारलं.

"कुठलाही," मी म्हणाले.