मी डिलीट केलेले दोन फोटो

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो, बीपीची गोळी घेतो आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. घरात कुणी ऐकत नाही म्हणून तिकडे कारभार करता, असं बायको म्हणते... खोटं नाही.

ग्रुपचा नियम माझाच – फक्त लग्नकार्य आणि दुःखद बातम्या. अवांतर टाकलं की डिलीट, तीनदा टाकलं की बाहेर.

काष्टीचे मामा एकटे राहायचे. रोज सकाळी सातला त्यांच्या भाकड गाईचा फोटो टाकायचे. खाली, "गोठा झाडला. बरं हाय." मी तीनदा समज दिली. शेवटी त्यांचाच फोन आला. म्हणाले, "बापू, मी दुसरं काय टाकू? माझ्याकडं येवढीच बातमी हाय."

सोमवारी दुपारी मी त्यांना काढलं. नियम म्हणजे नियम!

मंगळवारी सकाळी सात वाजता ग्रुपवर मामांच्या नावाने पुन्हा फोटो. बुधवारीही. वाटलं, दुसऱ्या ॲडमिनने, म्हणजे धाकट्या भावाने, परत घेतलं असेल. दोन्ही वेळा चहा पिता पिता, न उघडताच डिलीट केला.

गुरुवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन – मामा गोठ्यात पडलेले सापडले, खुबा मोडलेला, सोमवार संध्याकाळपासून तिथेच. गाय भाकड, त्यामुळे दुधाला कुणी फिरकलं नाही. नगरला आणताना वाटेतच गेले. मोबाईल घरात फळीवर होता, चार्जिंग संपून बंद.

भावाने त्यांना परत घेतलं नव्हतं. मेंबरच्या यादीत मामा आजही नाहीत. पण मंगळवार-बुधवारच्या तारखांखाली त्यांच्या नावाने दोन ओळी आहेत – हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला.

दहाव्याला त्यांची मुलगी सुनीता शेजारी येऊन बसली. ती पुण्याला असते. रोज सकाळी वडील उठलेत हे कळावं म्हणून तिनेच तो मोबाईल दिला होता. म्हणाली, "त्या ओळी बघून मला वाटलं, बाबा बरे आहेत, दादानं नेहमीसारखं डिलीट केलंय. म्हणून मी फोन नाही केला."

मग हळूच विचारलं, "दादा, त्या फोटोंत काय होतं?"

ते फोटो आले कसे, ते मी खूप जणांना विचारलं. मोबाईल दुरुस्तीवाल्यालाही. कुणाला सांगता आलं नाही.

सुनीताच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं असतं. पण मी उघडून बघितलंच नव्हतं.