निळा दिवा

बुलावायो शहरात नळाला क्वचितच पाणी येई. म्हणून विधवा मादुबे कपडे धुतलेले पाणी परसातल्या लिंबाच्या झाडाला घाली. तिचा मुलगा थेंबेलानी याने मरण्यापूर्वी झाडाच्या मुळाशी ओलावा मोजणारे यंत्र पुरले होते. माती ओली असली की त्याचा दिवा निळा, कोरडी झाली की लाल. पुढे दिवा निळाच राहू लागला, म्हणून तिने पाणी घालणे थांबवले. पाने मात्र गळू लागली.

“अगं, जेवतेससुद्धा त्या दिव्याला विचारून का?” शेजारीण म्हणाली. “साबणाच्या क्षारानं ते यंत्र फसलंय, कोरडी मातीही ओली दाखवतंय. मातीत बोट खुपसून बघ!”

“लाल झाल्याशिवाय पाणी घालू नकोस, असं सांगून गेलाय तो.”

मादुबेने बोट खुपसले. माती कोरडी ठणठणीत होती. तरीही मुलाचा शेवटचा शब्द खोटा ठरवणे तिच्याने झाले नाही. भरलेली बादली तिने तशीच ठेवली. झाड वाळले, तेव्हाही दिवा निळाच होता.