पक्क्या विटेचं संशोधन मंडळ

कुंदाताई नेरच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांनी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना जिना बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. घर पहिल्या मजल्यावर, तेव्हा सगळंच बंद. भाची गौरी पुण्याहून भेटायला आली होती. जाताना तिने मावशीच्या मोबाइलवर एक खेळ टाकून दिला.

खेळात एक मोठं बेट होतं आणि त्यावर हजारो लोकांच्या वस्त्या. कशात काय मिसळायचं, किती तापवायचं, हे खेळ कोणालाच सांगत नसे. ज्याला जमेल त्याचा शोध. शोध लागला की सारं बेट ती वस्तू वापरू शके. दर आठवड्याला नदीला पूर येई आणि मातीची घरं वाहून जात. पक्की वीट मात्र कोणालाच साधली नव्हती.

आपला जिल्हा निवडला की त्याच जिल्ह्यातल्या लोकांच्या वस्तीत जागा मिळे. ताईंच्या वस्तीत तिघं होते. उमरखेडला बांधकाम साहित्याचं दुकान असलेले फुलचंद, यवतमाळच्या कॉलेजात शिकवणारा अनिकेत आणि घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या, कापूस-तुरीची शेती करणाऱ्या कोकिळाबाई.

चौथ्या दिवशी ताईंच्या लक्षात आलं की रेती घातलेली माती भट्टीत फुटते, हा प्रयोग तिघांनीही वेगवेगळा केला होता.

"एकच चूक तीनदा? आणि कागदावर एकदाही नाही?" ताई खेळातल्या माइकवरून तिघांवर कडाडल्या.

त्याच दुपारी संशोधन मंडळ स्थापन झालं. दर बुधवारी तीन वाजता सभा, प्रत्येक प्रयोगाआधी अर्ज आणि प्रत्येक अपयशाला क्रमांक. खेळात लिहायची सोय होती, तरी ताईंनी खरी फाइल उघडली आणि तिला हिरवा बंद लावला.

अपयशं भराभर जमू लागली. अनिकेतने उष्णतेचा तक्ता केला आणि तक्त्याप्रमाणे भट्टीच जाळली. फुलचंद प्रत्येक सभेत म्हणत, "वीस वर्षं विटा विकून राह्यलो मी!" पण वीट करतात कशी, असं विचारलं की त्यांच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येई.

अपयश क्रमांक एक्केचाळीसनंतर कोकिळाबाई पहिल्यांदा बोलल्या. "तुमी ओलीच वीट भट्टीत घालून राह्यले. ओली गोवरी पेटते काय? सावलीत वाळू द्या ना चार दिवस."

"खेळात वाळवायचं बटणच नाही," अनिकेत म्हणाला.

"कायले पाह्यजे बटण? ठेवा आन् बसा!"

फुलचंद हसले. ताई हसल्या नाहीत. "सूचना चांगली आहे. रीतसर अर्ज करा, पुढच्या बुधवारी घेऊ."

"माती वाळवायले अर्ज?" कोकिळाबाईंचा आवाज चढला. "मले नाही जमत बाप्पा. तुमचं मंडळ तुमाले लखलाभ." आणि त्या सभेतून निघून गेल्या.

पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत, त्यानंतरच्याही नाही. ताईंना करमेना. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो अर्ज परत पाठवले होते, पण अर्जदारच उठून गेल्याचं हे पहिलंच प्रकरण. दीड महिना सरला तशी त्यांनी फाइल पिशवीत घातली, काठी घेतली आणि एसटीने यवतमाळ, तिथून घाटंजी आणि पुढे ऑटोने कोकिळाबाईंचं खेडं गाठलं.

अंगणात कोकिळाबाई तूर पाखडत होत्या. ताईंनी हाक मारली आणि आवाजावरूनच त्यांनी पाहुणी ओळखली.

"अव माय! मॅडम, तुमी? या गुडघ्यानं?"

ताईंनी पिशवीतून कागद काढला. "तुमचा अर्ज मीच लिहून आणला आहे. मंजूरही केला आहे. फक्त सही करा."

कोकिळाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून त्या हसतच सुटल्या. "वीट तं सकाळीच झाली, मॅडम. चार दिवस सावलीत ठेवली आन् भाजली. पक्की!"

ताई मटकन बाजेवर बसल्या. साऱ्या बेटावरचा पहिला शोध! घाईने त्यांनी मोबाइल उघडला. शोधांच्या यादीत सर्वांत वर नवी वस्तू झळकत होती. नाव होतं, 'अवो म्हशीले पाणी पाजलं काय'.

"हे काय?"

कोकिळाबाई ओशाळल्या. "नाव सांगा म्हणे. मी माइक दाबला, तेवढ्यात हे दिसले गोठ्याकडं."

'हे', म्हणजे विठ्ठलराव, दारात येऊन गंभीरपणे म्हणाले, "पाजलं होतं मी."

नाव बदलायची सोय खेळात नव्हती. आता गुजरातपासून बंगालपर्यंत कोणालाही भिंत बांधायची तर आधी हे बटण दाबावं लागणार होतं. ताईंनी नियम दोनदा वाचले. मग चष्मा काढला आणि इतक्या हसल्या की विठ्ठलरावांनी घाबरून पाण्याचा तांब्या आणला.

जेवणाला ज्वारीची भाकरी अन् झुणका होता. जेवताना परतीची बस गेली, म्हणून ताई मुक्कामीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तीनची सभा दोघींनी एकाच बाजेवरून, एकाच मोबाइलवर घेतली. विषय होता चुना. फुलचंदांनी घसा साफ केला, "चुना तं वीस वर्षं मी—"

"थांबा," ताई म्हणाल्या. "आधी अध्यक्ष बोलतील." आणि मोबाइल त्यांनी कोकिळाबाईंच्या हातात दिला.