सासूचं लुगडं नेसून काढलेली धार

माझी नात शहरात कुटुंबांचं समुपदेशन करते. भांडणाऱ्या माणसांना ती एकमेकांच्या जागी बसवते, एकमेकांचं बोलणं बोलायला लावते. मी म्हणाले, पोरी, माझ्याकडून हे एका म्हशीनं करून घेतलं होतं, आणि फी म्हणून नुसती पेंड खाल्ली!

दुष्काळाचं वर्ष. मालक ऊसतोडीला गेलेले. घरात सासू, मी आणि म्हैस. तिचं दूध सोसायटीत घालायचं, त्यावरच चूल पेटायची. अशात मी महाशहाणीनं म्हशीसाठी राखलेल्या टँकरच्या पाण्यानं केस धुतले, वर अंबाडा घालून गल्लीभर मिरवलेही. सासूबाईंनी पिशवी उचलली आणि नेकनूरला लेकीकडं निघाल्या.

"आता तूच सांभाळ म्हस."

"सांभाळते की! चार सड तर पिळायचे!"

संध्याकाळी पिळले. म्हशीनं लाथ मारून चरवी उडवली. दुसऱ्या दिवशीही तेच. पान्हा चोरून ढिम्म उभी. शेजारची म्हातारी म्हणाली, "आसंच चाललं तर आटंल ती. मग बाजारच दाखवावा लागंल. सासूचं लुगडं नेस, तिला वळखीचा वास लागतो."

मिश्रीच्या वासाचं ते लुगडं मी नाक मुरडत गुंडाळलं. म्हशीनं हुंगलं, लाथ मारली नाही, पण धारही दिली नाही. मग आठवलं, धार काढताना सासूबाई तिच्याशी बोलत. काय बोलत? माझी गाऱ्हाणी!

झाली का पंचाईत! इकडंतिकडं पाहिलं आणि घसा खरवडून सासूचा आवाज काढला.

"बघ गं माझे बाई, आमच्या राणीसाहेब! उन्हं अंगावर आली तरी उठत न्हाईत. भाकरी तर आशी, कुत्रं बी हुंगून जाईल. दोन शब्द गोड बोलंल तर शपथ. लई एकटं वाटतंय गं मला."

हे शेवटचं त्या रोज म्हणत आणि मी आतून ऐकून तोंड वेंगाडायचे. माझ्याच तोंडून निघालं तेव्हा तोंड वेंगाडता आलं नाही. म्हशीनं मात्र पान्हा सोडला. चरवीत फेस चढू लागला तशी मी रंगात येऊन स्वतःला आणखी शिव्या घातल्या.

"आन् घोरती, ते का न्हाई सांगितलंस?"

दारात सासूबाई, काखेत पिशवी.

"आत्याबाई! तुमी कवा आलात?"

"राणीसाहेब म्हनलीस तवा. म्हस आटंल म्हणून तिथं जीव ऱ्हाईना." मी उठू लागले तर त्यांनी खांदा दाबला. "बस तशीच. आता म्या तुझं बोलते. 'म्हातारी रुसून गेली, मला एकटीला टाकलं!' आसंच म्हनलीस ना?"

"न्हाई. याच्याहून वाईट."

त्या इतक्या हसल्या की त्यांना गव्हाणीला टेकावं लागलं.

त्या दिवसापासून धारेला दोघी बसायचो, एकमेकींची गाऱ्हाणी तोंडावर सांगायचो. म्हैस आटली नाही, बाजारात गेली नाही. सोसायटीत भरलेली चरवी ओतताना माझी मान काय ताठ असायची! आणि त्या दुष्काळातही आम्हा दोघींच्या चहाला घरचं दूध होतं.